उष्णकटिबंधातले सुंदर समुद्रकिनारे: सुट्टी आखण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो पाहून किनारा ठरतो, तिकिटं निघतात, बॅगा भरल्या जातात. पोहोचल्यावर दिसतं की समुद्र पार लांब मागे सरकलाय आणि निळं पाणी असायला हवं होतं तिथे शेवाळलेले खडक उघडे पडलेत. किनाऱ्याने फसवलेलं नसतं. फोटो भरतीचा होता, आपण ओहोटीला पोहोचलो, एवढंच. मित्रमंडळी आणि नातेवाईक मला जे विचारतात त्यातल्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच असतं. म्हणून खालच्या उत्तरांत 'कुठे' याच्यापेक्षा 'कधी' आणि 'बेटाच्या कुठल्या बाजूला' यावर जास्त लिहिलंय.

उष्णकटिबंधातला किनारा म्हणजे नेमका कुठला?

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधला, म्हणजे विषुववृत्तापासून दोन्ही बाजूंना साधारण २३.४ अंशांपर्यंतचा. व्याख्या सरळ आहे, पण काटेकोर लावायला गेलं की गंमत होते. रिओचा कोपाकबाना जेमतेम आत बसतो. बहामाजमधलं हार्बर आयलंड, ज्याच्या गुलाबी वाळूचे फोटो 'ट्रॉपिकल' म्हणून जगभर फिरतात, ते मात्र कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे रेघेच्या बाहेर आहे. समुद्राला नकाशावरची रेघ दिसत नाही, त्यामुळे मीही फार ताणत नाही.

जगातला सगळ्यात सुंदर किनारा कुठला?

याचं उत्तर देणाऱ्या याद्या दरवर्षी निघतात आणि दरवर्षी बदलतात. माझ्यापुरतं सांगायचं तर तीन नावं आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी.

पहिलं, सेशेल्समधल्या ला दीग बेटावरचा आन्स सूर्स दार्जां. इथे वाळूपेक्षा दगड बघायचे. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटचे धोंडे, पावसापाण्याने घासून इतके गुळगुळीत झालेत की काही ठिकाणी हत्तींचा कळप पाण्याला बसलाय असं वाटतं. धोंड्यांच्या अंगावर वरून खाली पन्हाळीसारख्या खाचा पडल्यात. सकाळी ते राखाडी दिसतात, दुपार कलली की गुलाबी. दोन धोंड्यांमधून आडवं होऊन सरकलं की पुढे आठ-दहा पावलांची एक पुळण लागते, मग परत धोंडे, मग परत पुळण. अख्खा किनारा असा खोल्याखोल्यांचा आहे.

दुसरं, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला व्हाइटहेवन. सुमारे ७ किलोमीटर लांब, आणि वाळू जवळजवळ ९८ टक्के शुद्ध सिलिका. चालताना पायाखाली कोरड्या पिठासारखी चुरचुरते. खरं दृश्य उत्तर टोकाला, हिल इनलेट नावाच्या खाडीच्या वरच्या टेकडीवरून दिसतं. तिथे भरती-ओहोटी पांढरी वाळू आणि निळं पाणी एकमेकांत कालवत असते आणि नक्षी रोज थोडी बदलते. ही नक्षी बघायला ओहोटीच्या आसपास पोहोचायचं.

तिसरं, ब्राझीलच्या फर्नांदो द नरोन्या द्वीपसमूहातला बाईया दो सांशो. उंच कड्याच्या तळाशी असलेली ही पुळण गाठायला खडकाच्या अरुंद भेगेत बसवलेल्या लोखंडी शिडीवरून उतरावं लागतं. जाड माणसाने पाठीवरची पिशवी आधी खाली द्यावी. बेटावर एका वेळी किती पर्यटक येऊ द्यायचे यावर मर्यादा आहे, आणि तिथली शांतता त्या मर्यादेमुळेच टिकली आहे.

अंदमानच्या स्वराज द्वीपवरचा राधानगर, तुर्क्स अँड कायकोसमधला ग्रेस बे, बोरा बोराचा मातिरा हेही याच पंगतीतले. पण नावांची माळ ओढत बसण्यात अर्थ नाही. आधी पुढचे दोन प्रश्न वाचा, मग नाव निवडा.

जायला चांगला काळ कुठला?

'डिसेंबर ते मार्च' हे ठोकळेबाज उत्तर सगळ्यांना पाठ असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते चुकतं. उष्णकटिबंधात तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं. ऋतू ठरतो तो वाऱ्यावरून. वारा जिकडून येतो त्या बाजूचा किनारा खवळलेला असतो, पाऊसही तिकडेच जास्त असतो, आणि बेटाच्या आडोशाची बाजू त्याच दिवशी थाळीसारखी सपाट असू शकते.

थायलंड घ्या. पश्चिमेकडच्या अंदमान समुद्रावरच्या फुकेत आणि क्राबीला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. पूर्वेकडच्या आखातातल्या को समुईला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणजे ऑगस्टमध्ये सुट्टी मिळाली असेल तर देश तोच ठेवून फक्त किनारपट्टी बदलली तरी काम होतं. श्रीलंकेतही तसंच. मिरिसा, उनावटुना हा नैऋत्य भाग डिसेंबर ते मार्चमध्ये, आणि निलावेली, अरुगम बे हा पूर्वेकडचा भाग साधारण मे ते सप्टेंबरमध्ये.

फिलिपिन्समधल्या बोराकायला तर या वाऱ्यांना नावंच आहेत. अमिहान म्हणजे ईशान्येचा वारा, हबागात म्हणजे नैऋत्येचा. अमिहानच्या महिन्यांत पश्चिमेकडचा सुमारे ४ किलोमीटरचा व्हाइट बीच शांत असतो आणि पलीकडच्या बुलाबोगवर पतंगाच्या दोरीने फळीवर सरकणाऱ्यांची गर्दी उसळते. हबागात सुरू झाला की चित्र उलटं. बेटाची ही बाजू ते ती बाजू चालत जेमतेम अर्धा तास, पण समुद्र दोन.

सगळ्यात टोकाचं उदाहरण हवाईतल्या ओआहू बेटाचं. उत्तर किनाऱ्यावरचा वायमेया बे उन्हाळ्यात तळ्यासारखा निवांत असतो, मुलं खडकावरून उड्या मारतात. हिवाळ्यात तिथेच दोन-तीन मजली घराएवढ्या लाटा फुटतात आणि जगातले सर्फिंगवाले त्यासाठी येतात. त्या किनाऱ्याचा जुलैमधला फोटो बघून जानेवारीत पोहायला जाणारे दरवर्षी निघतातच.

चक्रीवादळांचं काय?

अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये वादळांचा अधिकृत मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत वाईट. फिजी, कुक बेटं, वानुआतू या दक्षिण पॅसिफिक भागात नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत, कारण पृथ्वीच्या फिरण्याने वाऱ्याला मिळणारा पीळ तिथे फार कमी पडतो. दक्षिण मालदीव, सेशेल्सची मुख्य बेटं आणि इंडोनेशियाचा बराच भाग या कृपेत येतो. कॅरिबियनमध्येच जायचं असेल आणि महिना सप्टेंबर असेल, तर अरूबा, बोनेर आणि क्युरासाव ही वेनेझुएलाच्या जवळची तीन बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. अरूबाच्या ईगल बीचवरची वाऱ्याने एकाच दिशेला वाकलेली झाडं बघितली की तिथे वारा थांबत नाही हे कळतं, पण तो वादळी नसतो.

भरती-ओहोटी बघून जायचं म्हणजे जरा अतिच नाही का?

नाही. झांझिबारचं सांगते. बेटाच्या पूर्वेला पाजे नावाचा किनारा आहे. आम्ही सकाळी पडदा सरकवला तेव्हा पाणी नारळाच्या मुळांशी होतं. 'नाश्ता करून पोहायला जाऊ' म्हणालो. चार-पाच तासांनी बाहेर आलो तर समुद्र गायब. दूरवर जिथे प्रवाळाची भिंत आहे तिथे फेसाची एक पांढरी रेघ, आणि मधल्या ओल्या वाळूत काठ्या रोवून त्यांना दोऱ्या ताणलेल्या. बायका त्या दोऱ्यांवर समुद्री शेवाळाची शेती करत होत्या. आम्ही पोहण्याचे कपडे घालून शेताच्या बांधावर उभे होतो. दृश्य विलक्षण होतं, पण पोहायला दुपार उलटेपर्यंत थांबावं लागलं. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला नुंगवी आणि केंद्वा इथे किनारा पटकन खोल होतो, त्यामुळे ओहोटीतही पोहता येतं. ज्यांना दिवसभर पाण्यात राहायचंय त्यांनी उत्तरेला उतरावं.

साधा हिशेब असा: भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. सुट्टीचे दिवस हातात असतील तर त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर आधीच मिळतं. आन्स सूर्स दार्जांला भरतीच्या वेळी जा, नाहीतर पाणी जेमतेम गुडघाभर असतं आणि तळाला प्रवाळ टोचतात. मादागास्करजवळच्या नोसी इरांजाला उलट ओहोटी हवी, कारण दोन बेटांना जोडणारा वाळूचा दांडा तेव्हाच वर येतो.

कॅरिबियनला जाणाऱ्यांनी हा भरती-ओहोटीचा हिशेब सोडला तरी चालेल. तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो. ताहितीची तऱ्हा तर आणखी वेगळी. तिथे भरती पन्नास मिनिटं पुढे सरकत नाही, रोज साधारण भर दुपारी आणि मध्यरात्रीच येते, कारण तिथल्या पाण्यावर चंद्रापेक्षा सूर्याची सत्ता जास्त चालते.

काही ठिकाणी वाळू पांढरी, काही ठिकाणी काळी किंवा गुलाबी, असं का?

जवळपास जे फुटतं, झिजतं किंवा मरतं, त्याची वाळू होते.

मालदीवसारख्या प्रवाळी बेटांवरची पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ, शिंपले आणि चुनखडी साठवणाऱ्या एका शेवाळाचा चुरा. त्यातला मोठा वाटा पोपटमाशाचा. हा मासा चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, सोबत प्रवाळही गिळतो, घशातल्या दुसऱ्या दातांनी दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. पाण्याखाली थोडं थांबलात तर खरवडण्याचा करकर आवाज चक्क ऐकू येतो, आणि पाठोपाठ माशामागून पांढरा धूर सुटताना दिसतो. ज्या वाळूत मधुचंद्राचे फोटो निघतात ती अशी आलेली असते. हे मी लोकांना मुद्दाम परत आल्यावर सांगते.

काळी वाळू ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. हवाईच्या मोठ्या बेटावरच्या पुनालुऊला ती कोळशासारखी आहे आणि तीवर हिरवी समुद्री कासवं ऊन खात पडलेली असतात. त्याच बेटाच्या दक्षिण टोकाजवळ पापाकोलेआची वाळू शेवाळी हिरवी, कारण तिच्यात ऑलिव्हिन नावाचं खनिज भरपूर आहे. गुलाबी छटा येते ती फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या लालसर कवचांमुळे. गुलाबी वाळूबद्दल एक सावधगिरी: फोटोत ती जितकी गुलाबी असते तितकी डोळ्यांना दिसत नाही. पाण्याच्या कडेला, ओली असताना, सकाळी किंवा संध्याकाळी बघा. भर दुपारी ती नुसती फिकट दिसते.

वाळूने पाय भाजत नाहीत का?

पांढरी वाळू ऊन परतवते म्हणून तितकी तापत नाही. काळी तापते, आणि चांगलीच. पुनालुऊला चप्पल काढून धावत सुटलेला माणूस पहिल्या दहा पावलांत ओळखू येतो.

पाणी खरंच फोटोसारखं निळं असतं का?

असतं, पण त्याला अटी आहेत. पाणी सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेतं आणि निळा मागे उरतो. तळाशी पांढरी वाळू असली की तो निळा प्रकाश परत वर येतो आणि उथळ पाणी फिरोजी दिसतं. उष्णकटिबंधातल्या पाण्याचा पारदर्शकपणा खरं तर त्याच्या गरिबीमुळे आहे. वरचा गरम थर खालच्या थंड, पोषक पाण्यात सहजी मिसळत नाही, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी वाढतात आणि पाणी स्वच्छ राहतं.

अटी अशा की सूर्य डोक्यावर हवा, आकाश मोकळं हवं, आणि जवळ नदीचं मुख नको. तो रंग हवा असेल तर साधारण अकरा ते दोन या वेळेत बघा. ढग आले की तेच पाणी शिशासारखं राखाडी होतं. मोठ्या पावसानंतर नदीजवळचा किनारा दोन-तीन दिवस गढूळ राहतो. लहान, सपाट, नदी नसलेली प्रवाळी बेटं यात नेहमी बाजी मारतात.

रात्री चमकणारा समुद्र खरा आहे का?

खरा आहे. पाण्यातले काही सूक्ष्म जीव हलवले गेले की क्षणभर निळा उजेड सोडतात. मालदीवच्या वाधू बेटाचं नाव यासाठी गाजलं, आणि पोर्तो रिकोतल्या वियेकेस बेटावरचं मॉस्किटो बे तर यासाठी जगप्रसिद्ध आहे. मात्र मालदीवमध्ये त्याचं वेळापत्रक नसतं. कुणी खात्रीने दाखवतो म्हटलं तर विश्वास ठेवू नका. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, दिव्यांपासून लांब जा आणि पाण्यात हात फिरवून बघा. बोटांमागून ठिणग्या निघाल्या तर नशीब. फोटोंमध्ये कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवलेली असते, डोळ्यांना त्यापेक्षा मंद दिसतं.

कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर तपकिरी शेवाळाचे ढीग येतात म्हणे?

येतात. त्याचं नाव सार्गासम. २०११पासून मध्य अटलांटिकमध्ये त्याचा प्रचंड पट्टा तयार व्हायला लागला आणि साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये ते वाऱ्याबरोबर किनाऱ्यांवर येऊन थडकतं. मेक्सिकोच्या तुलुमपासून कान्कूनपर्यंतच्या पट्ट्याला आणि बेटांच्या पूर्व किनाऱ्यांना त्याचा त्रास जास्त. खोल समुद्रात तरंगताना ते निरुपद्रवी असतं, उलट माशांच्या पिल्लांना आसरा देतं. किनाऱ्यावर कुजलं की मात्र सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि दम्याच्या रुग्णांना तो सोसत नाही. उपाय जुनाच: बेटाची पश्चिमेकडची, वाऱ्याआडची बाजू घ्या. किंवा जायच्या आदल्या आठवड्यात त्या किनाऱ्याचे ताजे फोटो शोधा. हॉटेलच्या संकेतस्थळावरचे नव्हे, आठवड्याभरातल्या प्रवाशांनी टाकलेले.

हॉटेलच्या समोरच किनारा आहे. मग तिथे पोहता येईलच ना?

हे गृहीत धरू नका. एका हॉटेलने 'खोलीतून थेट समुद्रात' असं लिहिलं होतं. थेट होता, पण पायऱ्या उतरल्यावर प्रवाळाच्या तुकड्यांचा खच, त्यात काळे समुद्री साळिंदर काटे उभारून बसलेले. तीन दिवस आम्ही त्या समुद्राकडे नुसतं बघत बसलो. नकाशावरचा उपग्रहाचा फोटो मोठा करून बघा. काठालगत फिकट निळा पट्टा म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे खडक किंवा प्रवाळ. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सोबत असले की असल्या किनाऱ्यावरही निभावतं.

पोहता येत नाही, किंवा लहान मुलं सोबत आहेत. कुठे जावं?

बाहेर प्रवाळाची भिंत आणि आत उथळ पाणी, म्हणजे लगून असलेली जागा शोधा. लाट भिंतीवर फुटते आणि आत येईपर्यंत तिचा जोर जातो. मातिरा अशा प्रकारचा आहे, कुक बेटांमधलं ऐतुताकीही. एकाच बेटावर फरक किती पडतो बघा: ला दीगच्या पश्चिमेला सूर्स दार्जां मुलांना खेळण्याजोगा, तर पलीकडचा ग्रांद आन्स दिसायला त्याहून देखणा, रुंद, मोकळा, पण समोर भिंत नाही आणि आग्नेयेच्या वाऱ्यांच्या काळात, साधारण मे ते सप्टेंबर, पाण्याला जीवघेणी ओढ असते.

ही 'ओढ' ओळखायची कशी?

किनाऱ्यावरच्या बाकीच्या सगळ्या धोक्यांची बेरीज केली तरी हा मोठा ठरेल, म्हणून नीट वाचा. लाटांनी काठावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जायलाच हवं. ते एका अरुंद वाटेने वेगात आत जातं. उंचावरून बघितलं तर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांच्या रांगेत मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसतो, कधी त्यात गढूळ वाळू किंवा फेस आत वाहताना दिसतो. दुर्दैव असं की नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा नसतात. नेमका तिथेच तो उतरतो.

हा प्रवाह सेकंदाला २ मीटरहून जास्त वेगाने वाहू शकतो. ऑलिंपिकचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकणार नाही. सापडलात तर काठाकडे पोहण्याची धडपड करू नका, दमून माणूस बुडतो तो त्यानेच. प्रवाह खाली ओढत नाही, फक्त आत नेतो. पाठीवर तरंगा, हात हलवून मदत मागा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग लाटांबरोबर परत. दुसऱ्याला वाचवायला रिकाम्या हाताने उडी टाकू नका. रिकामा डबा, फळी, तरंगेल ते फेका.

जीवरक्षक असतील तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या जागेत पोहायचं. लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे पाण्यात डंख करणारे जीव आहेत.

डंख करणाऱ्या कुठल्या गोष्टींपासून जपायचं?

उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा काळ. व्हाइटहेवनला जाणाऱ्या बोटींवर अंगभर चिकटणारे पातळ पोशाख देतात, ते घाला, फोटोत कसे दिसतो याची काळजी सोडून. तिथल्या बॉक्स जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर ओततात, आणि चोळायचं अजिबात नाही. स्टोनफिशचा काटा किंवा स्टिंगरेची शेपटी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं की वाळूत लपलेला स्टिंगरे आपणहून निघून जातो.

कोन शंख दिसायला नकाशीकाम केलेल्या डबीसारखा सुंदर असतो, आणि जिवंत असेल तर त्याच्या विषावर उतारा नाही. हातात घेऊच नका.

आणि एक झाड. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड वाढतं. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वासालाही गोड. ते विषारी आहे आणि झाडाचा पांढरा चीक अंगावर फोड आणतो. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. लाल पट्टा दिसला की भिजलेलं बरं.

सनस्क्रीन कुठलं न्यावं?

विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि ढगाळ दिवशीही कातडी करपते. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही माणूस भाजतो. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर, परत लावा. पलाऊने १ जानेवारी २०२०पासून आणि हवाईने १ जानेवारी २०२१पासून प्रवाळांना घातक मानलेल्या रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी आणली. हवाईच्या यादीत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट आहेत, पलाऊची यादी त्याहून मोठी. झिंक ऑक्साइडचं घेतलं तर हा प्रश्न येत नाही, चेहरा थोडा पांढरट दिसतो इतकंच. मला विचाराल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हेच सगळ्यात चांगलं सनस्क्रीन.

प्रसिद्ध किनाऱ्यांवर गर्दीच असते. जाऊन उपयोग काय?

गर्दीमुळे दोन किनारे चक्क बंद करावे लागले. थायलंडमधलं माया बे २००० सालच्या एका हॉलिवूड चित्रपटाने जगाला दाखवलं, मग बोटींच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी तिथलं प्रवाळ चिरडलं. जून २०१८मध्ये ते बंद केलं आणि जानेवारी २०२२मध्ये उघडलं. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परतले. आता बोटी मागच्या बाजूला लागतात आणि चालत पुढे यावं लागतं. खाडीत पोहायला मनाई आहे आणि विश्रांती म्हणून ती दरवर्षी काही काळ बंदही ठेवतात. बोराकाय २०१८मध्ये २६ एप्रिलपासून सहा महिने बंद होतं, सांडपाणी समुद्रात जात होतं म्हणून.

जाऊन उपयोग आहे, पण वेळ बदला. दिवसभराच्या सहलींच्या बोटी दहाच्या सुमाराला येतात आणि चारला निघतात. जो त्या बेटावर मुक्कामाला आहे त्याला सकाळी सात वाजता तोच किनारा रिकामा मिळतो. क्राबीजवळचं रायले मुख्य भूमीवर असूनही उंच चुनखडीच्या कड्यांमुळे फक्त बोटीने गाठता येतं. संध्याकाळची शेवटची बोट सुटली की तिथे एकदम आवाज उतरतो.

शंख-शिंपले किंवा थोडी वाळू आणली तर चालते का?

बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मालदीवमधून प्रवाळ बाहेर नेता येत नाही, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. रिकामा शिंपला रिकामा नसतोही, संन्यासी खेकडा त्यात राहायला येतो.

कासवं बघायला कुठे जावं?

कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोला हिरव्या कासवांच्या माद्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये अंडी घालायला येतात. ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरॉन आयलंडला नोव्हेंबर ते मार्च. वाटाड्याबरोबरच जा, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, मादीच्या समोर जाऊ नका. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: दिवसा वाळूत खणलेले खड्डे आणि बांधलेले किल्ले निघताना सपाट करा. रात्री बोटभर लांबीचं पिल्लू समुद्राकडे निघतं तेव्हा तो खड्डा त्याच्यासाठी विहीर असते.

आठ दिवसांत किती किनारे बघून होतील?

दोन. फार तर तीन. पाच बेटांचे बेत आखणाऱ्यांचा निम्मा वेळ धक्क्यावर बोटीची वाट बघण्यात आणि उरलेला, बोट लागत असेल तर, पिशवीत डोकं घालून जातो. एका बेटावर चार दिवस राहिलात की भरतीची वेळ पुढे सरकताना दिसते आणि किनाऱ्याची तुमची आवडती वेळ सापडते.

सूर्यास्त बघायला किती वाजता पोहोचायचं?

आधी किनारा पश्चिमेला तोंड करून आहे ना ते बघा. व्हाइट बीच आणि राधानगर आहेत, पाजे नाही, तिथे सूर्योदय बघायचा. विषुववृत्ताजवळ सूर्य तिरका न उतरता जवळजवळ सरळ खाली पडतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी सहा-साडेसहाला मावळतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. टॉर्च घेऊन जा. परतीच्या वाटेवर पायाखाली खेकडे असतात.